रीत आणि गायकी

(ग्वाल्हेर येथे दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



मी मराठी साहित्य शिकवते. गणिताशी माझा औपचारिक संबंध शाळेतच संपला. त्यामुळे आजचा विषय कळल्यावर काही सहकाऱ्यांनी माझ्या प्रकृतीची चौकशी केली. त्यांची काळजी रास्त आहे, म्हणून हा विषय मी का निवडला ते आधी सांगते.

गेल्या वर्षी वर्गात मी एक साधा प्रश्न विचारला होता. ग्वाल्हेरात जन्मलेल्या आणि जगभर नाव झालेल्या मराठी माणसांची नावे सांगा. गवयांची नावे भराभर आली. मग मी नरेंद्र करमरकर हे नाव घेतले. कोणीच ओळखले नाही. एका विद्यार्थिनीने फोनवर शोधून इंग्रजीतला एक परिच्छेद मोठ्याने वाचला. त्यात पदव्या होत्या, पारितोषिके होती. वाचून झाल्यावर तिने मान वर करून विचारले, "मॅडम, पण त्यांनी केलं काय?"

मला सांगता आले नाही. आपल्या गावच्या माणसाचा अभिमान माझ्यापाशी होता, त्याच्या कामाबद्दलचे एक वाक्य मात्र नव्हते. शाळेत असताना उत्तर बरोबर येऊनही रीत लिहिली नाही म्हणून माझे गुण कापले जायचे. त्या दिवशी वर्गात पुन्हा तेच झाले. आजचे व्याख्यान म्हणजे उशिरा लिहिलेली ती रीत आहे.

नरेंद्र करमरकर यांचा जन्म ग्वाल्हेरचा. १९७८ मध्ये ते मुंबईच्या आयआयटीतून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन अमेरिकेला गेले. कॅलिफोर्नियातील कॅलटेक येथे एम.एस. आणि बर्कली येथे रिचर्ड कार्प यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केल्यावर ते न्यू जर्सीतील बेल लॅबोरेटरीजमध्ये रुजू झाले. १९८४ मध्ये 'कॉम्बिनेटोरिका' या नियतकालिकात त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्या शोधाची बातमी पहिल्या पानावर छापली. गणितातल्या एखाद्या रीतीला वर्तमानपत्राचे पहिले पान मिळावे, असे क्वचितच घडते. त्या वेळी करमरकरांनी तिशीही गाठली नव्हती.

ती रीत कोणत्या प्रश्नाची होती? प्रश्नाचे इंग्रजी नाव लिनिअर प्रोग्रॅमिंग. यातला 'प्रोग्रॅम' संगणकाचा नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यात रसद, प्रशिक्षण, वाहतूक यांच्या योजनेला प्रोग्रॅम म्हणत, तिथून तो शब्द आला. म्हणून मी त्याला रेषीय नियोजन म्हणते.

उदाहरण आपल्याकडच्या हिवाळ्यातले घेऊ. एक दुकानदार गजक आणि तिळाचे लाडू करतो. गजकच्या एका घाण्याला २ किलो तीळ आणि १ किलो गूळ लागतो. लाडवांच्या घाण्याला १ किलो तीळ आणि १ किलो गूळ. घरात १०० किलो तीळ आणि ७० किलो गूळ आहे. गजकच्या घाण्यामागे ३०० रुपये सुटतात, लाडवांच्या घाण्यामागे २००. आकडे मी हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत, हलवायांनी रागावू नये. आता किती घाणे कशाचे काढावेत?

नुसती गजक केली तर ५० घाण्यांत तीळ संपतो, गूळ उरतो आणि १५,००० रुपये मिळतात. नुसते लाडू केले तर ७० घाण्यांत गूळ संपतो आणि १४,००० मिळतात. ३० घाणे गजक आणि ४० घाणे लाडू केले तर तीळही संपतो, गूळही संपतो आणि १७,००० मिळतात. याहून जास्त काही केल्या मिळत नाहीत.

दोन पदार्थ आणि दोन जिन्नस असले की हे गणित कागदावर सुटते. पण विमान कंपनीला शेकडो विमाने, हजारो कर्मचारी आणि उड्डाणे यांची सांगड घालायची असते. तेल शुद्धीकरण कारखान्याला कोणत्या कच्च्या तेलातून काय काढायचे ते ठरवायचे असते. तिथे अज्ञात राशी हजारांनी, लाखांनी मोजाव्या लागतात. प्रश्नाची जात मात्र गजक-लाडवांचीच.

या प्रश्नाचे चित्र काढायला आपला किल्ला उपयोगी पडतो. दुकानदाराला शक्य असलेल्या सगळ्या योजना म्हणजे किल्ल्याच्या तटाआतली जमीन समजा. तटाबाहेर जाता येत नाही, कारण तीळ-गूळ पुरत नाही. गणित असे सांगते की उत्तम योजना तटाच्या आत कुठेतरी लपलेली नसते, ती कोणत्या ना कोणत्या बुरुजावर सापडतेच. अमेरिकेतील जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये सिंप्लेक्स नावाची रीत दिली. तिचे सार असे. एका बुरुजावर उभे राहा. शेजारचा बुरूज अधिक फायद्याचा असेल तर तटावरून चालत तिकडे जा. शेजारी अधिक चांगला बुरूज उरला नाही की थांबा.

ही रीत व्यवहारात उत्तम चालली, आजही चालते. अडचण अशी की बुरुजांची संख्या भयंकर वाढू शकते. पन्नास अज्ञात राशींचा एक साधा घन घेतला तरी त्याला एकावर पंधरा शून्ये याहून अधिक कोपरे असतात. १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी या गणितज्ञांनी मुद्दाम असे वाकडे घन रचून दाखवले की ज्यांच्यावर सिंप्लेक्सची एक प्रचलित तऱ्हा एकूण एक कोपऱ्याला पाय लावूनच उत्तरापाशी पोचते. १९७९ मध्ये सोव्हिएत गणितज्ञ खाचियान यांनी वेगळी रीत दिली. तिच्यात पायऱ्यांची संख्या अशी अफाट वाढणार नाही याची हमी होती, पण प्रत्यक्ष कामात ती फार संथ निघाली. सिद्धतेची हमी असलेली रीत कामाला येईना आणि कामाला येणाऱ्या रीतीला हमी नव्हती.

करमरकरांनी तटावरची वाट सोडली आणि किल्ल्याच्या आतल्या मैदानातून रस्ता काढला. त्यांची युक्ती मला फार आवडते. मैदानात आपण एखाद्या तटाच्या अगदी जवळ उभे असलो तर मोठे पाऊल टाकता येत नाही, लगेच भिंत आडवी येते. म्हणून ते प्रत्येक पावलाआधी नकाशा नव्याने काढतात, असा की आपण उभे आहोत ते ठिकाण बरोबर मध्यावर यावे. मध्यावरून फायद्याच्या दिशेने मोठे पाऊल टाकायचे, पुन्हा नकाशा काढायचा, पुन्हा पाऊल. जागा बदलली की नकाशा बदलायचा आणि स्वतःला मधोमध आणायचे. या रीतीला पायऱ्यांच्या संख्येची हमीही होती, आणि मोठ्या प्रश्नांवर ती सिंप्लेक्सच्या कितीतरी पट वेगाने चालते असा बेल लॅबोरेटरीजचा दावाही होता.

माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर इथे मिळाले. पण या रीतीचे पुढे काय झाले, हा भाग लेखक-शिक्षकांना अधिक जवळचा आहे.

बेल लॅबोरेटरीज त्या काळी एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची होती. ट्रान्झिस्टर १९४७ मध्ये तिथेच जन्मला. या कंपनीची टेलिफोनवर मक्तेदारी होती आणि १९५६ च्या एका न्यायालयीन समझोत्याने तिला इतर धंद्यांत उतरण्यास अटकाव केला होता. त्यामुळे तिथले कितीतरी शोध थोड्या मोबदल्यात जगाला मिळत गेले. १ जानेवारी १९८४ रोजी ही मक्तेदारी मोडली. स्थानिक टेलिफोन कंपन्या वेगळ्या झाल्या आणि एटी अँड टीला संगणकाच्या बाजारात उतरायची मुभा मिळाली. प्रयोगशाळेतून निघणारी प्रत्येक गोष्ट आता विकण्याच्या दृष्टीने पाहिली जाऊ लागली. करमरकरांची रीत नेमकी त्याच वर्षी बाहेर आली.

निबंध छापला गेला होता, सिद्धता उघड होती. पण रीत संगणकावर प्रत्यक्ष कशी उतरवली, प्रचंड कोष्टके कशी साठवली, त्यांतली असंख्य शून्ये कशी वगळली, पाऊल किती टाकले, हे कंपनीने धंद्याचे गुपित म्हणून राखून ठेवले. इतर गणितज्ञांनी निबंधावरून आपापले सॉफ्टवेअर लिहिले. त्यांना तो वेग मिळेना. त्यांनी तपशील मागितला, तो मिळाला नाही. काहींनी उघड अविश्वास दाखवला.

हे वाचताना मला आपल्याच गावाची आठवण झाली. ग्वाल्हेरला ही गोष्ट नवी नाही. दौलतराव शिंद्यांच्या दरबारात बडे मोहम्मद खाँ गात, आणि हद्दू खाँ व हस्सू खाँ या भावांनी त्यांची गायकी पडद्याआड बसून ऐकून उचलली, ही आख्यायिका आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. ज्या घराण्याला पुढे ख्यालाचे आद्य घराणे म्हणून मान मिळाला, त्याची कथाच मुळी दुसऱ्याने झाकून ठेवलेल्या विद्येपासून सुरू होते. चीज न देणारे उस्ताद आणि ती मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे घरकाम करणारे शिष्य यांच्या कथांना आपल्याकडे तोटा नाही.

आणि त्याच परंपरेत दुसरी वाटही निघाली. ग्वाल्हेरची विद्या घेऊन बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर महाराष्ट्रात गेले. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्याघराण्यांतून चिजा मिळवून त्या स्वरलिपीत छापल्या. 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा आपला मोठा ग्रंथ त्यांनी मराठीत, गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपात लिहिला. १९१८ मध्ये माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने आणि भातखंड्यांच्या पुढाकाराने इथे माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले.

चिजा छापल्या गेल्या म्हणून गवयांचा व्यवसाय बुडाला का? उलट श्रोते वाढले, शिकणारे वाढले. कारण छापता येते ती बंदिश. गायकी छापता येत नाही. आवाजाचा लगाव, स्वराची बढत, तान कुठे सोडायची आणि कुठे आवरायची, हे पुस्तकात येत नाही. ते गळ्यावर चढावे लागते आणि त्यासाठी गुरूपुढे बसावे लागते.

गणिती सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीपुढचा मूळ प्रश्न मला याच भाषेत समजला. तिच्याजवळ दोन गोष्टी असतात. एक रीत, म्हणजे बंदिश. दुसरी ती यंत्रावर उतरवण्याची करामत, म्हणजे गायकी. कंपनी चालवणाऱ्याने ठरवायचे असते की यातले उघड काय करायचे आणि विकायचे काय.

एटी अँड टीने दोन्हींना कुलूप लावायचे ठरवले. रीतीवर पेटंट मागितले, ते १९८८ मध्ये मिळाले. त्याच वर्षी 'कॉर्बेक्स' नावाची वस्तू बाजारात आली. ही रीत चालवण्यासाठी अनेक प्रोसेसरांचा खास संगणक आणि त्यावरचे सॉफ्टवेअर, असा तो एकत्र संच होता. किंमत ८९ लाख डॉलर. पहिले गिऱ्हाईक अमेरिकेचे लष्कर. इतक्या किमतीची वस्तू घेणारे जगात असतात किती? शिवाय साधारण संगणक दर वर्षी वेगवान आणि स्वस्त होत होते. एका यंत्राला बांधलेली रीत त्या यंत्राबरोबर म्हातारी झाली. कॉर्बेक्सचा व्यवसाय फार दिवस चालला नाही.

दरम्यान कुलपाच्या बाहेर काय घडत होते? १९८६ मध्ये अमेरिकेतल्या पाच संशोधकांनी दाखवले की करमरकरांच्या रीतीचे जुन्या एका रीतीशी, लॉगरिदमवर आधारलेल्या अडथळा पद्धतीशी, जवळचे नाते आहे. मग हेही लक्षात आले की करमरकरांच्या रीतीची जी सोपी आवृत्ती अनेकांनी स्वतंत्रपणे शोधली, ती सोव्हिएत संघात दिकिन नावाच्या गणितज्ञाने १९६७ मध्येच छापली होती. याने करमरकरांचे श्रेय कमी होत नाही. पायऱ्यांची हमी आणि वेग यांची सांगड त्यांनी घातली, आणि सगळ्या जगाला तटावरून आत वळवले तेही त्यांनीच. अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेने २००० मध्ये त्यांना पॅरिस कानेलाकिस पुरस्कार दिला तो यासाठीच. पण रीत एकदा कागदावर आली की ती कुणा एकाच्या घरात राहत नाही, एवढे यातून दिसते.

पेटंटबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्या पेटंटचे शीर्षक 'साधनसंपत्तीच्या कार्यक्षम वाटपाच्या पद्धती व यंत्रणा' अशा अर्थाचे आहे. आपल्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिर आहे. तिथल्या इसवी सन ८७६ च्या शिलालेखात देवळाला दिलेल्या बागेची मापे आहेत, २७० हात आणि १८७ हात. रोज देवाला ५० माळा द्याव्यात असेही कोरले आहे. २७० आणि ५० यांतली ती वाटोळी शून्ये पाहायला जगभरातून लोक येतात, कारण शून्याच्या अतिशय जुन्या कोरीव नोंदींमध्ये तिची गणना होते. जमीन किती, फुले किती, माळा किती, म्हणजे साधनसंपत्तीच्या वाटपाचीच ती नोंद. फरक इतकाच की ती भिंतीवर आहे आणि वाचणाऱ्याला दाम पडत नाही.

भारताच्या पेटंट कायद्याचे कलम ३ (ट) सांगते की गणिती पद्धत, अल्गोरिदम किंवा नुसता संगणकाचा प्रोग्रॅम हा पेटंट देण्याजोगा शोध नव्हे. म्हणजे ग्वाल्हेरात जन्मलेल्या माणसाच्या सर्वांत प्रसिद्ध शोधावर अमेरिकेत मालकी सांगता आली, भारतात आज नुसत्या रीतीवर ती सांगता येणार नाही. अमेरिकेतल्या त्या पेटंटची मुदत २००६ मध्ये संपली. रीत मोकळी झाली तेव्हा जग पुढे गेलेले होते.

आता दुसऱ्या तऱ्हेने चाललेल्या दोन कंपन्या पाहू. क्लीव्ह मोलर हे अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक. आपल्या विद्यार्थ्यांना कोष्टकांची गणिते सहज करता यावीत म्हणून त्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मॅटलॅब नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि मागेल त्याला फुकट दिला. त्याच्या पोटात ज्या रीती होत्या त्या सार्वजनिक पैशाने तयार झालेल्या आणि सर्वांना खुल्या होत्या. जॅक लिटल या तरुण अभियंत्याने त्यात धंदा पाहिला. तो प्रोग्रॅम नव्याने लिहून, वैयक्तिक संगणकावर आणून, मोलर आणि स्टीव्ह बँगर्ट यांच्यासह त्यांनी मॅथवर्क्स ही कंपनी काढली. साल तेच, १९८४. पहिल्या दहा प्रती एमआयटीने घेतल्या. जगभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत पुढे मॅटलॅब पोचले. लिटल अनेक दशके कंपनीचे प्रमुख राहिले आणि त्यांनी ती शेअर बाजारात नेली नाही.

दुसरे रॉबर्ट बिक्सबी, टेक्सासमधील राइस विद्यापीठाचे प्राध्यापक. त्यांनी १९८७ मध्ये सीप्लेक्स कंपनी काढली. नाव साधे, सी भाषेत लिहिलेले सिंप्लेक्स. करमरकरांच्या रीतीने ज्या जुन्या रीतीला मोडीत काढले असे बोलले जात होते, तीच त्यांनी हाती घेतली आणि घासूनपुसून वेगवान केली. पुढे त्याच सॉफ्टवेअरमध्ये तटाच्या आतून चालण्याची रीतही आली. वापरणाऱ्याने आपला प्रश्न द्यावा, ज्या रीतीने लवकर सुटेल त्या रीतीने सोडवून घ्यावा. यासाठी खास यंत्र नको होते, गिऱ्हाइकाचा स्वतःचा संगणक पुरे होता.

बिक्सबींची कंपनी काही धर्मादाय नव्हती. सीप्लेक्सच्या आतला मजकूर गुपितच होता आणि ते पैसे घेऊनच विकले जाई. पण ते रीतींबद्दल निबंध लिहीत राहिले, आणि ज्यांवर सगळ्यांनी आपापली सॉफ्टवेअर तपासावीत असे नमुना-प्रश्नांचे संग्रह खुले करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. असा एक संग्रह याआधी बेल लॅबोरेटरीजमधल्याच एका गणितज्ञाने, डेव्हिड गे यांनी, १९८५ मध्ये सर्वांसाठी उपलब्ध केला होता. एकाच संस्थेच्या एका खोलीत कुलूप होते आणि दुसऱ्या खोलीचे दार उघडे होते.

या उघड्या स्पर्धेने काय साधले? १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढच्या साधारण पंधरा वर्षांचा हिशेब बिक्सबींनी मांडला आहे. त्या काळात यंत्रे हजार पटीच्या आसपास वेगवान झाली, आणि त्यांहून वेगळ्या, केवळ रीतींच्या सुधारणांतूनही वेग हजार पटींहून अधिक वाढला. दोन्ही मिळून दहा लाख पट. ही वाढ कुणा एका घराण्याची नाही. नवी रीत आली म्हणून जुनीला मेहनत करावी लागली आणि जुनी सुधारली म्हणून नवीला.

सीप्लेक्स १९९७ मध्ये आयलॉग या फ्रेंच कंपनीने घेतली, ती पुढे आयबीएमकडे गेली. बिक्सबींनी २००८ मध्ये झोंगहाओ गू आणि एडवर्ड रोथबर्ग यांच्यासह नवी कंपनी काढली. तिघांच्या आडनावांची पहिली अक्षरे घेऊन तिचे नाव ठेवले 'गुरोबी'.

या कथांतून अशी कंपनी चालवण्याबद्दल मला जे उमगले ते थोडक्यात मांडते. साबण वाईट निघाला तर गिऱ्हाइकाला कळते. गणिती सॉफ्टवेअरने दिलेले उत्तर बरोबर की चूक हे गिऱ्हाइकाला सहसा स्वतः पडताळता येत नाही. पडताळता आले असते तर त्याने ते विकत घेतलेच नसते. त्यामुळे तिथे खरी विक्री विश्वासाची असते, आणि रीत दाखवल्याशिवाय तो विश्वास बसत नाही. 'आमचे उत्तर बरोबर आहे, कसे ते विचारू नका' असे म्हणणारा शाळकरी मुलगा असो की मोठी कंपनी, गुण कापले जाणारच. आणि दुसरी बाजू अशी की रीत दाखवली म्हणून सगळे गेले, ही भीती निराधार आहे. बंदिश छापलेली असूनही मैफलीला तिकीट लागते.

करमरकरांना स्वतःला कंपनी चालवण्याची संधी पुढे मिळाली, ती पुण्यात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना त्यांनी महासंगणकाच्या एका वेगळ्या रचनेवर काम केले. प्रोसेसर आणि स्मृतीचे भाग एकमेकांना कसे जोडावेत, याचा आराखडा त्यांनी प्रक्षेपी भूमितीतून काढला होता. १९९१ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध झाला. २००६-०७ मध्ये ते टाटा समूहाच्या अध्यक्षांचे वैज्ञानिक सल्लागार होते, आणि पुण्याच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या टाटा सन्सच्या कंपनीचे संस्थापक संचालक. या कंपनीचा 'एका' हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत चौथा आला. आशियात तो त्या वेळी पहिला होता. सेकंदाला सुमारे ११८ लाख कोटी गणिती क्रिया करणारे ते यंत्र सरकारी पैशावर उभे राहिलेले नव्हते. २०१२ मध्ये ही कंपनी टीसीएसने आपल्यात घेतली.

महासंगणकांच्या यादीतले स्थान दर सहा महिन्यांनी बदलते. 'एका' आता त्या यादीत नाही. १९८४ चा निबंध मात्र अजून वाचला जातो. यंत्रापेक्षा रीत जास्त दिवस टिकते, हे साहित्याच्या माणसाला सहज पटते. छापखाने गेले, शिळामुद्रण गेले, ओवी राहिली.

आता अकादमीच्या कामाकडे वळते. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्यासारख्या मराठी माणसांना नावांची जंत्री करायची सवय असते. अमुक आपला, तमुक इथला. ती सवय वाईट नाही, दूर राहणाऱ्याला तिचा आधार वाटतो. पण माझ्या विद्यार्थिनीने विचारले तसे कुणी विचारले, 'त्यांनी केलं काय?', तर उत्तर आपल्या भाषेत तयार असायला हवे. नसेल तर आपणही कुलूपच लावलेले असते. आपले कुलूप तर गुपिताचे नाही, आळसाचे आहे. भातखंड्यांना रागदारीचे शास्त्र मराठीत, प्रश्नोत्तरांत लिहिता आले, तर रेषीय नियोजन का लिहिता येऊ नये? शब्द नाहीत ही सबब पुरेशी नाही. 'रीत' हा शब्द आपल्या प्रत्येक शाळकरी मुलाकडे आहे, 'घाणा' प्रत्येक हलवायाकडे. गणिताचा आणि भाषेचा शिक्षक एका टेबलाशी बसले, तर अकादमीला अशा विषयांवरच्या छोट्या पुस्तिका काढता येतील. त्यात मी भाषेच्या बाजूला बसायला तयार आहे.

शेवटी एक करता येण्याजोगी गोष्ट सांगते. सायलॅब नावाचे गणिती सॉफ्टवेअर आहे. ते फ्रान्समधल्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झाले आणि सर्वांना फुकट मिळते. ते शिकवणारे मराठी ध्वनिचित्र-पाठ करमरकरांच्याच मुंबई आयआयटीने तयार करवून घेतले आहेत. या सॉफ्टवेअरमध्ये रेषीय नियोजन सोडवण्याची एक आज्ञा आहे. तिचे नाव 'करमरकर'.

आमच्या महाविद्यालयाच्या संगणक-कक्षात गणिताच्या एका तरुण सहकाऱ्याला शेजारी बसवून मी आणि त्या विद्यार्थिनीने गजक-लाडवांचे आकडे त्यात भरले. तिने रोमन लिपीत आडनाव टंकले आणि बटण दाबले. पडद्यावर ३० आणि ४० च्या अगदी जवळचे आकडे आले. 'अगदी जवळचे' अशासाठी की ही रीत आतून चालत येते आणि बुरुजाला हात लागेल इतकी जवळ येऊन थांबते. ते का, हे तिला आता सांगता येते. मग सहकाऱ्याने त्या आज्ञेच्या आतला मजकूर उघडून दाखवला. तो कुणालाही वाचता येतो, कुलूप नाही. ती तो खाली खाली सरकवत बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, इथे तर पूर्ण रीत लिहिली आहे."

तिने ती आता मराठीत लिहायला घेतली आहे.